आधी घर की आधी भट्टी?

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्युनिस शहरात इब्न अर-रामी नावाचा एक गवंडी राहत होता. गवंडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओळंबा आणि थापी येते, पण या माणसाचे काम तेवढ्यावर संपत नव्हते. भिंती, खिडक्या, गटारे, गिरण्या यांवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कज्जा झाला की शहराचा काझी त्याला जागेवर पाठवायचा. तो पाहणी करायचा, मोजमाप घ्यायचा आणि काझीला आपले मत सांगायचा. 1334 साली तो वारला. मागे त्याने एक ग्रंथ ठेवला, ‘अल-इलान बि-अहकाम अल-बुनयान’. बांधकामाच्या नियमांची जाहीर माहिती, असा त्याचा साधारण अर्थ.

या ग्रंथात एक युक्ती दिली आहे. कुणी आपल्या घरात गिरणी घातली आणि शेजारी म्हणाला की माझी भिंत हादरते. गिरणीवाला म्हणतो, काही हादरत नाही, हा उगाच भांडतो. काझीने कुणाचे खरे मानायचे? इब्न अर-रामी सांगतो की एक कागद घ्या, त्याच्या चार कोपऱ्यांना चार दोरे बांधा, दोऱ्यांची टोके एकत्र करून तो कागद दोन घरांमधल्या भिंतीवर टेकलेल्या छताला टांगा. कागदावर थोडे सुके धणे ठेवा. मग गिरणीवाल्याला सांगा, चालव तुझी गिरणी. धणे कागदावर हलू लागले तर गिरणी उचलायची. नाही हलले तर शेजाऱ्याने गप्प बसायचे.

इथे एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत येताना तो शब्द ‘आक्षेप’ झाला. शेजाऱ्याची हरकत आहे, असे आपण म्हणतो तेव्हा त्या कागदावरच्या धण्यांच्या आपण बरेच जवळ असतो.

हे सगळे आज आठवायचे कारण मुंबईच्या बेकऱ्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात आदेश दिला की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जावे. त्याआधी एक वर्षाची मुदत होती, ती अर्ध्यावर आणली. नवीन बेकरीला लाकूड-कोळशाची परवानगी मिळणार नाही, असेही सांगितले. मुंबईतल्या बेकऱ्यांत इराणी आहेत, गोव्याहून आलेले आहेत आणि उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान तर पुष्कळ आहेत. त्यामुळे आदेश आल्यावर मोहल्ल्यात दोन वाक्ये फार ऐकू आली. पहिले, “हे धूर-प्रदूषण वगैरे इंग्रजी कायद्याचे खूळ आहे, आपल्याकडे असले काही नव्हते.” दुसरे, “आमच्या आजोबांच्या काळापासून इथे भट्टी आहे, या टॉवरवाल्यांनी आधी बघून घर घ्यायला हवे होते.”

पहिले वाक्य सरळ चूक आहे. दुसऱ्यात मात्र दम आहे, आणि ते सुमारे दीडशे वर्षांपासून लंडनच्या न्यायमूर्तींना आणि इस्तंबूलच्या उलेमांना सारखेच छळत आले आहे. म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश जायला हवे.

नुकसान करू नये आणि नुकसानाला नुकसानाने उत्तरही देऊ नये, या आशयाची एक छोटी हदीस आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये ती आहे, इब्न माजामध्येही आहे. अरबीत नुकसानाला ‘जरर’ म्हणतात. शेजारधर्माचे अख्खे कायदेशास्त्र या चार शब्दांच्या हदीसवर उभे राहिले. मालिकींच्या ‘मुदव्वना’ या नवव्या शतकातल्या ग्रंथात प्रश्नच असा विचारला आहे की एखाद्याची मोकळी जागा लोकांच्या घरांमध्ये आहे, तिथे त्याला हमाम, पावाची भट्टी किंवा गिरणी घालायची आहे, तर शेजारी त्याला अडवू शकतात का? उत्तर असे की धुरासारख्या गोष्टीने शेजाऱ्यांना त्रास होणार असेल तर अडवू शकतात. जागा त्याची स्वतःची आहे, एवढे पुरेसे नाही.

पण मग कुणी घरात चूल पेटवली तरी शेजारी काझीकडे जाईल! मालिकी फकीहांनी इथे रेघ मारली. घरच्या स्वयंपाकाचा, तंदूरचा धूर माफ. तो जगण्याचा भाग आहे, आणि तो सगळ्यांच्याच घरातून निघतो. आज मी तुझा सोसला, उद्या तू माझा सोसशील. धंद्याच्या भट्टीचा धूर वेगळा. तो एकाच दिशेने जातो, आणि रोज जातो.

वासावर आणि धुरावर फारसे मतभेद नव्हते. आवाजावर होते. लोहाराचा घण, धोब्याची कापडे आपटणे, तांबटाची ठोकठोक याला काय म्हणायचे? काही फकीह म्हणाले, भिंत हादरत असेल तर बोला. नुसता आवाज म्हणजे जरर नव्हे, कानाची सवय होते. काही म्हणाले, नाही, रात्रंदिवस चालणारा मोठा आवाज हेही नुकसानच. या वादात मला इब्न अर-रामीच्या धण्यांचे मोल जास्त वाटते. कानाला काय सोसते आणि काय नाही, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. धण्याला मत नसते.

आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी (कोकणातले शाफई). हनफींची सुरुवात मात्र उलट्या टोकावरून झाली. इमाम अबू हनिफा यांचे मूळ मत असे होते की माणूस आपल्या मालकीच्या जागेत हवे ते करू शकतो. शेजाऱ्याला त्रास होईल म्हणून काझी त्याला रोखणार नाही. शेजाऱ्याशी नीट वागणे ही त्याची अल्लाहपुढची जबाबदारी, दरबारातली नव्हे. शहरे वाढली, घरे एकमेकांना चिकटली आणि नंतरच्या हनफी उलेमांना हे मत पेलेना. त्यांनी ‘जरर-ए-फाहिश’ म्हणजे उघड, अतिरेकी नुकसान हा निकष पुढे आणला. उदाहरणेही दिली. कुणाला आपल्या घरात दुकानातल्यासारखी कायम पाव भाजायची भट्टी घालायची आहे, दळणाची गिरणी घालायची आहे किंवा कापड कुटायची जागा करायची आहे, तर ते चालणार नाही. हमाम मात्र चालेल, कारण हमामने फार तर ओल येते, आणि मध्ये एक भिंत बांधली की ती थांबते.

हा हमामचा अपवाद लहान दिसतो, पण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. प्रश्न हा धंदा चांगला की वाईट, असा नाहीच. नुकसान धंद्यापासून वेगळे काढता येते का, असा आहे. ओल भिंतीने अडते, म्हणून हमाम राहील. धूर त्या काळात भिंतीने अडत नव्हता, म्हणून भट्टी नको.

धूर निदान वर तरी न्या, ही अक्कलही होती. बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबसाठी बाराव्या शतकात सीरियातल्या अश-शैजरीने जी पुस्तिका लिहिली, तीत पाववाल्यांनी भट्टीवरचे छप्पर उंच ठेवावे आणि त्यात धुरासाठी रुंद वाटा ठेवाव्यात असे सांगितले आहे. शिवाय ज्यांच्या धंद्याला आग लागते, म्हणजे पाववाले, आचारी, लोहार, त्यांची दुकाने अत्तरवाले आणि कापडवाले यांच्यापासून लांब असलेली बरी. आजच्या विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग भरलेले असतात. त्याचा हा जुना खर्डा समजा.

हे सगळे आपल्याला परके का वाटते? कारण भारतात ते कोर्टातून गेले. 1772 साली वॉरेन हेस्टिंग्जच्या योजनेत कुराणाचा कायदा लावायचा तो वारसा, विवाह आणि धार्मिक रिवाज अशा बाबींपुरता, असे ठरले. पुढे शेजाऱ्याचा धूर, गिरणीचा आवाज, गटाराची घाण हे सगळे इंग्रजी ‘न्यूसन्स’च्या खात्यात गेले. परिणाम असा की आज हिंदू-मुसलमान दोघांनाही शरियत म्हटले की निकाह आणि तलाक आठवतो. कागदावरचे धणे कुणालाच आठवत नाहीत. मराठीत मात्र त्या जुन्या कचेरीचे सामान अजून पडून आहे: कज्जा, दावा, फिर्याद, तक्रार, वकील, महजर. शब्द राहिले, कायदा गेला.

आता लंडन. इंग्रजी कायद्यातला या विषयावरचा एक जुना खटला 1610 सालचा, ऑल्ड्रेडचा. शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचे खुराडे बांधले, वासाने राहणे अवघड झाले. शेजाऱ्याचा बचाव असा की डुकराचा वास सोसणार नाही इतके नाजूक नाक माणसाने ठेवू नये. कोर्टाने नाकाची बाजू घेतली.

पण आपल्या कामाचा खटला 1879 सालचा, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाचा मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला लागून दोन मोठे संगमरवरी खल होते. त्यातला एक साठ वर्षांहून अधिक काळ, दुसरा सव्वीस वर्षांहून अधिक काळ चालत होता. मागच्या विम्पोल स्ट्रीटवर डॉक्टर स्टर्जेस राहायला आले 1865 मध्ये. मध्ये बाग होती, त्यामुळे आठ वर्षे कुणाची काही तक्रार नव्हती. 1873 मध्ये डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, अगदी मिठाईवाल्याच्या भिंतीला चिकटून, रुग्ण तपासायची खोली बांधली. आणि मग खलांचा दणदणाट त्यांना असह्य झाला. अशा आवाजात रोग्याच्या छातीचे ठोके कसे ऐकायचे?

मिठाईवाल्याची बाजू ऐका. मी साठ वर्षे इथे कुटतो आहे. तुम्ही परवा आलात आणि खोली बांधलीत तीही माझ्या भिंतीला चिकटून. वीस वर्षे विनातक्रार एखादी गोष्ट चालली तर तिचा हक्क मिळतो, असा इंग्लंडचा कायदा आहे. मग मला हक्क मिळाला की नाही?

कोर्ट म्हणाले, नाही. डॉक्टरांची खोली नव्हती तोवर तुमच्या आवाजाने कुणाचे काही बिघडत नव्हते, म्हणून कुणी दावा करूच शकत नव्हते. ज्या गोष्टीवर दावा करता येत नाही, तिचा हक्क मुरतही नाही. वीस वर्षांचे घड्याळ खोली बांधली त्या दिवशी सुरू झाले. खल थांबवा. आधी कोण आले, याला कोर्टाने महत्त्व दिले नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती थेसिजर यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली, जी पुढे फार गाजली. बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो त्रास ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असे नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर म्हणजे सरदार-दरकदारांची वस्ती, बर्मंडसी म्हणजे चामडे कमावणाऱ्यांची. वस्तीप्रमाणे कान आणि नाक बदलावे, असा याचा सरळ अर्थ. ऐकायला व्यवहारी वाटते. पण बर्मंडसीत राहणाऱ्या मुलाची फुप्फुसे काही वेगळ्या कातड्याची नसतात.

याच सुमारास इस्तंबूलमध्ये काय चालले होते? अहमद जेवदेत पाशांच्या अध्यक्षतेखाली उलेमांची एक समिती हनफी फिकह कलमवार लिहीत होती. 1869 ते 1876 या काळात ‘मजल्ला’ तयार झाला. सोळा पुस्तके, 1851 कलमे. तुर्कस्तानात तो 1926 पर्यंत चालला, आणि गंमत म्हणजे इस्रायलमध्ये त्याचे उरलेसुरले अवशेष 1984 साली औपचारिकपणे रद्द झाले.

मजल्लाचे कलम 1200 पाहा. जरर-ए-फाहिश कोणत्याही मार्गाने दूर केले पाहिजे, असे ते म्हणते, आणि लगेच उदाहरणे देते. घराला लागून लोहारशाळा किंवा गिरणी घातली आणि घणांच्या ठोक्यांनी, जात्याच्या फिरण्याने घराची इमारत खिळखिळी होऊ लागली. किंवा भट्टी, तेलाचा घाणा घातला आणि धुराने, वासाने घरात राहणे अशक्य झाले, तर हे अतिरेकी नुकसान. ते हटवायचे.

आणि मग कलम 1207. आधी एक माणूस आपल्या जागेत आपले काम करतो आहे, नंतर दुसरा शेजारी येऊन नवी इमारत बांधतो आणि त्याला त्रास होतो, तर तो त्रास ज्याचा त्याने निस्तरायचा. लोहाराच्या दुकानाला लागून कुणी नवे घर बांधले, तर घणाचा फार त्रास होतो म्हणून त्याला लोहाराचे दुकान बंद करवता येणार नाही.

म्हणजे डॉक्टर स्टर्जेस इस्तंबूलच्या काझीकडे गेले असते तर दावा हरले असते. एकाच दशकात, एकाच प्रश्नाची दोन नेमकी उलटी उत्तरे. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या वाक्याला इथे पक्का आधार मिळतो असे वाटेल. “बघा, आपल्या फिकहमध्ये आधी आलेल्याचा हक्क आहे!”

इतके सोपे नाही. त्याच मजल्लात अगदी सुरुवातीला, सहावे कलम म्हणते की जुने ते होते तसे ठेवावे. आणि सातवे म्हणते की नुकसान मात्र जुने होत नाही. नुकसानाला वयाचा मान मिळत नाही. हे दोन्ही कसे जमवायचे ते कलम 1224 दाखवते. एखाद्या घराच्या सांडपाण्याचे गटार पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक रस्त्यावर वाहते आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, तर ते जुने आहे याकडे पाहायचे नाही. ते हटवायचे.

मला यातून रेघ अशी दिसते. एक लोहार आणि एक नवा शेजारी, दोघांतला सवाल असेल तर आधी कोण आले हे विचारा. नव्याने डोळे उघडे ठेवून घर बांधले आहे. पण नुकसान रस्त्यावर उतरले, ज्यांनी कधी काही निवडलेच नाही अशा लोकांपर्यंत पोचले, तर वय विचारू नका. आता भट्टीचा धूर कुठे मोडतो? घणाचा आवाज चार भिंतींपर्यंत जातो. धूर गटारासारखा आहे, तो सगळ्यांच्या वाटेवर वाहतो. ज्या टॉवरवाल्याने बेकरी बघून फ्लॅट घेतला त्याची तक्रार मी एकवेळ कानाआड करीन. पण बेकरीमागच्या चाळीतली म्हातारी टॉवरच्या आधीपासून तिथे आहे, तिने कधी दावा केला नाही, कारण तिला कोर्ट परवडत नाही. आजवर धुराच्या भांडणात आपण टॉवर आणि भट्टी एवढेच पाहिले. भट्टीवर रात्रभर उभा राहणारा कारागीर तर कुणाच्याच हिशेबात नाही, आणि सगळ्यांत जास्त धूर त्याच्याच छातीत जातो. लाकूड स्वस्त पडते म्हणून मोडक्या फर्निचरचे, रंग आणि डिंक लागलेले लाकूड भट्टीत जाते तेव्हा तर विचारायलाच नको.

आधी-नंतरच्या या खेळात मुंबईत कोण कसे हरले, ते पाहायचे तर धारावीला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चामडे कमावण्याचे कारखाने तिथे आले, कारण ती जागा शहराबाहेर होती, खाडीकाठी, दलदलीत. तामिळनाडूतून आलेल्या मुसलमानांचा त्यात मोठा हात होता. म्हणजे वासाचा धंदा लांब न्यायचा जुना संकेत त्यांनी पाळला होता. मग शहरच चालत त्यांच्यापर्यंत आले. वांद्र्याचा कत्तलखाना 1971 मध्ये देवनारला गेला, आणि नंतर चामडे कमावण्याचे काम धारावीतून हळूहळू आटत गेले. शिवणकाम, बॅगा, पट्टे उरले. इथे कलम 1207 कुणी वाचून दाखवले असते तरी जमिनीच्या भावापुढे ते टिकले नसते.

भारतातल्या कोर्टांनी इंग्रजी वाट धरली, पण तिच्यावरून ती तंतोतंत चालली नाहीत. 1860 च्या भारतीय दंड संहितेने सांगून टाकले होते की एखाद्या गोष्टीने लोकांची काही सोय होते म्हणून सार्वजनिक उपद्रव माफ होत नाही. “पाव तर सगळ्यांनाच लागतो” हा बचाव त्यामुळे चालत नाही. गिरण्यांच्या धुराड्यांसाठी मुंबईत 1912 साली खास कायदा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे 1978 साली राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद हे प्रकरण आले. खाली पिठाची गिरणी, वर राहणारे लोक. वस्ती आधीच गजबजलेली आहे, त्यात गिरणीच्या आवाजाचे काय, असा बचाव होता. कोर्टाने तो मानला नाही. गोंगाटात भर घालून माणसाचे स्वास्थ्य बिघडवणारा आवाजही उपद्रवच. बर्मंडसीच्या न्यायाला हे चांगले उत्तर आहे. तरी ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत बर्मंडसी परत आलीच: दिवसा निवासी भागाला 55 डेसिबल, व्यापारी भागाला 65, औद्योगिकला 75. रात्री 45, 55 आणि 70. आपल्या गल्ल्यांत खाली वेल्डिंग आणि वर बिऱ्हाड. कुणी कोणता आकडा लावायचा?

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो सर्वोच्च न्यायालयाचा 1979 साली छापून आलेला एक छोटा निकाल, गोविंद सिंह विरुद्ध शांती सरूप. तो नेमका बेकरीचाच आहे. एका बेकरीवाल्याची भट्टी आणि धुराडे यांच्या धुराने आसपास राहणाऱ्यांना त्रास होत होता. दंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिला की भट्टी आणि धुराडे पाडा, आणि या जागी बेकरीचा धंदाही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने हुकमाचे दोन तुकडे केले. भट्टी आणि धुराडे पाडायचा भाग कायम ठेवला. धंदाच करू नका, हा भाग काढून टाकला. त्रास धुराचा होता, पावाचा नव्हता.

हमामची ओल भिंतीने अडवा आणि हमाम चालू द्या, असे म्हणणाऱ्या हनफी उलेमांना हा निकाल लगेच ओळखू आला असता. न्यायमूर्तींनी मजल्ला वाचला होता असे मी म्हणत नाही. एकाच प्रकारच्या भांडणात बसून विचार केला की माणसे एकाच जागी पोचतात, एवढेच.

1879 च्या त्या मिठाईवाल्यावर अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी 1960 मध्ये बरेच लिहिले. 1991 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे की नुकसान एकतर्फी नसतेच. मिठाईवाला डॉक्टरचे नुकसान करतो, आणि खल थांबवला की डॉक्टर मिठाईवाल्याचे करतो. खरा प्रश्न कुणाला किती सोसायला लावायचे, हा आहे. मजल्लाचे पंचविसावे कलम यापेक्षा थोडक्यात बोलते: एक नुकसान तेवढ्याच दुसऱ्या नुकसानाने दूर करता येत नाही.

बेकऱ्यांच्या बाबतीत याचा अर्थ पैशांत होतो. लाकडाची विटांची भट्टी मोडून गॅसची किंवा विजेची बसवायची तर खर्च मोठा, आणि अनेक बेकऱ्या पागडीच्या जागेत आहेत. मालक परवानगी देईल तर ना. गॅसची नळी गल्लीत आलेली नसेल तर सिलिंडर, आणि जुन्या इमारतीत सिलिंडरचा साठा म्हणजे अग्निशमन दलाची वेगळी परवानगी. सहा महिने यात कसे पुरतात ते मला समजत नाही. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याचे म्हणणे असे की गॅसवरच्या ब्रूनला ती कडक साल येत नाही. येत नसेल. तो मुद्दा काझीपुढेही टिकला नसता आणि उच्च न्यायालयातही टिकणार नाही, हे मी त्याला सांगितले, आणि त्याने मला चहा पाजून घरी पाठवले. खर्चाचा आणि मुदतीचा मुद्दा मात्र दोन्हीकडे टिकण्यासारखा आहे. भट्टी जाईल. तिच्या जागी येणाऱ्या भट्टीचे कर्ज कोण देणार, पागडीवाल्या मालकाला कोण समजावणार आणि त्या महिन्या-दोन महिन्यांत कारागिराची मजुरी कुठून येणार, हे तीन प्रश्न घेऊन संघटनेने कोर्टात जायला हवे. आजोबांच्या काळातला परवाना फ्रेम करून भिंतीवर असू द्यावा.